जहाजावरचं रात्रीचं जेवण: खान्देशातल्या घरांकडून येणारे नेहमीचे प्रश्न

दोन वर्षांपूर्वी यावल तालुक्यातल्या आमच्या घरचे दहा जण सिंगापूरहून चार रात्रींच्या क्रूझवर गेलो होतो. सासरे नाना, सासूबाई (त्यांना आम्ही सगळे माय म्हणतो), चुलत सासरे आणि काकू, दीर-जाऊ, आम्ही दोघं आणि दोन पोरं. तेव्हापासून फैजपूरपासून चाळीसगावपर्यंतच्या नातेवाइकांचे आणि त्यांच्याही नातेवाइकांचे फोन येतात. जहाज केवढं, समुद्र कसा, हे विचारून झालं की गाडी जेवणावर येते. तीच उत्तरं किती वेळा दिली असतील, म्हणून आता लिहून ठेवते.

रात्रीचं जेवण म्हणजे बुफेच ना? ताट घ्यायचं आणि बसायचं?

बुफे असतोच, पण मी म्हणते तो वेगळा प्रकार. जहाजावर एक मोठं मुख्य भोजनगृह असतं, बऱ्याच जहाजांवर दोन-तीन मजली. तुम्ही ठरावीक वेळेचं जेवण निवडलं असेल तर पहिल्याच दिवशी तुम्हाला वेळ आणि टेबल नंबर मिळतो. मग प्रवास संपेपर्यंत तेच टेबल आणि वाढणारी माणसंही तीच. एक वेटर, त्याचा एक मदतनीस, आणि अशा बऱ्याच टेबलांवर लक्ष ठेवणारा हेड वेटर. आधी सूप-सॅलडसारखं काहीतरी, मग मुख्य पदार्थ, शेवटी गोड. मेनू रोज बदलतो. याचे पैसे तिकिटातच धरलेले असतात. त्याच जहाजावर जी खास रेस्टॉरंट्स असतात, त्यांचे वेगळे पडतात.

आपल्याकडचे बरेच जण 'दीड-दोन तास कोण बसेल' म्हणून इथे जातच नाहीत, चारही रात्री बुफेत काढतात. मला याचं फार वाईट वाटतं. बुफेत दहा माणसं दहा दिशांना जातात. एकाचं जेवण होतं तेव्हा दुसरा रांगेत असतो. दिवसभर पोरं स्विमिंग पूलवर, पुरुषमंडळी डेकवर, बायका दुकानांत, असं घर पांगलेलंच असतं. ते एका जागी येतं ते फक्त या टेबलावर.

वेटर नाचतात, गातात, जादू करतात म्हणे. खरं आहे का?

खरं आहे. रोज नाही, पण चार रात्रींत एक-दोनदा तरी होतंच. मधेच दिवे मंद होतात, गाणं सुरू होतं आणि सगळे वेटर हातातला नॅपकिन डोक्यावर गरगर फिरवत टेबलांच्या मधून नाचत येतात. जिन्यावर दोन्ही बाजूंनी रांगा करतात. पाहुणेही आपापले नॅपकिन फिरवतात. काही जहाजांवर बेक्ड अलास्का नावाच्या गोड पदार्थाची मिरवणूक निघते. केकवर आइस्क्रीम, त्यावर अंड्याचा पांढरा बलक साखरेसोबत फेटून लावलेला फेस, आणि तो वरून भाजून तांबूस केलेला. फेसात हवेचे बारीक बुडबुडे भरलेले असतात, ते उष्णता आत जाऊ देत नाहीत, म्हणून बाहेरून भाजूनही आइस्क्रीम वितळत नाही. पूर्वी हा पदार्थ पेटवून आणायची पद्धत होती. जहाजावर आगीचा धोका मोठा, म्हणून आता बऱ्याच ठिकाणी बॅटरीचे दिवे लावलेले असतात.

पण खरी मजा त्या मिरवणुकीत नाही, ती आपल्या टेबलापुरत्या करामतींत आहे. आमचा वेटर इंडोनेशियातला, सुराबायाकडचा. दुसऱ्या रात्री सूप आणि मुख्य पदार्थाच्या मधे पोरं चुळबुळ करायला लागली, तसा तो आला. दोन काटे घेतले, त्यांचे दात एकमेकांत अडकवले, त्या फटीत दात कोरायची काडी खोचली आणि काडीचं दुसरं टोक पाण्याच्या ग्लासच्या काठावर टेकवलं. हात सोडला. दोन्ही काटे ग्लासच्या बाहेर अधांतरी! काडी फक्त टोकावर टेकलेली, बाकी कशाचाच आधार नाही. थोरला पोरगा टेबलाखाली वाकून दोरा शोधायला लागला.

वेटर काही बोलायच्या आत नानांनी चष्मा वर केला, ग्लास अर्धा फिरवून पाहिला आणि म्हणाले, "दांडे बघ. बाहेर जाऊन परत ग्लासाकडं वळतात. सगळं ओझं टेकूच्या खाली आलंय, पडेल कसं? बैलगाडी भरताना आम्ही हेच करायचो. ओझं मागं जास्त झालं की जू वर जातं." जाऊबाईंनी ते इंग्रजीत सांगितलं. त्यावर वेटरने नानांपुढे हात जोडले आणि काडी त्यांच्या हातात दिली. नानांनी तिसऱ्या प्रयत्नात काटे उभे केले. शेजारच्या टेबलावरचं कोरियन कुटुंबही टाळ्या वाजवत होतं.

आम्हालाही नाचावं लागतं का? घरात वडीलधारी आहेत, त्यांना अवघडल्यासारखं होईल.

अजिबात सक्ती नाही. बसल्या जागी नॅपकिन हलवला तरी चालतं, नाही हलवला तरी कोणी काही म्हणत नाही. ही माणसं चेहरा वाचण्यात तयार असतात. ज्याला नको आहे त्याच्या वाटेला जात नाहीत.

आणि वडीलधारी अवघडतील हा आपलाच समज असतो. आपल्याकडच्या पंगती आठवा. वरण-बट्टीच्या पंगतीत तुपाची किटली घेऊन फिरणारा एखादा भाऊबंद असतोच. तो गमतीजमती करतो, व्याह्यांना चिडवतो, 'नको नको' म्हणणाऱ्याच्या ताटात बट्टी टाकून पुढे पळतो. त्याच्यामुळेच ती पंगत लक्षात राहते. आमच्या काकांनी पहिल्याच रात्री तो सूर ओळखला. वेटरने न मागता त्यांच्यापुढे गोडाची दुसरी प्लेट ठेवली, तेव्हा ते म्हणाले, "हा आपल्यातलाच आहे." तिसऱ्या रात्री काकूंनी उखाणा घेतला. 'समुद्रात जहाज, जहाजात पंगत' अशी सुरुवात करून शेवटी काकांचं नाव. वेटरला एक अक्षर कळलं नाही, पण टाळी बरोबर नावावर पडली.

इंग्रजी येत नसेल तर वेटरशी बोलायचं कसं?

मेनू वाचायला घरातलं एखादं कॉलेजचं पोर पुरतं. वेटरांत भारतीयही बरेच असतात. गोव्याचे, मुंबईचे, केरळचे. त्यांच्याशी हिंदी चालतं. फिलिपिन्स आणि इंडोनेशियाचे लोक सगळ्यात जास्त भेटतात. रोज पाच-सहा देशांच्या पाहुण्यांना वाढून त्यांना खाणाखुणांची चांगली सवय असते.

पण भाषेपेक्षा एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. छातीवर त्यांच्या नावाची पट्टी असते. पहिल्या रात्री ते नाव वाचा, पोरांकडून पाठ करून घ्या आणि त्या नावानेच हाक मारा. 'ए वेटर', चुटकी, टिचकी हे कृपा करून नको. घरच्या पंगतीत वाढणाऱ्याला आपण भाऊ म्हणतो, इथेही तेवढं करायला काय हरकत आहे?

आमच्या मायला मराठीशिवाय काही येत नाही, तेही आमच्या भागातलं. पहिल्या रात्री सगळ्यांचं वाढून झाल्यावर त्या पोराकडे बघून ती सहज म्हणाली, "तू जेवला का रे भो?" त्याने आमच्याकडे पाहिलं. दिराने अर्थ सांगितला. हातातला जग तसाच धरून तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, अजून नाही, सगळं आवरून झाल्यावर, अकरानंतर. मायला ते पटेना. दहा माणसांचं उरलंय एवढं, इथेच बस म्हणाली. हे चालत नाही, त्याची नोकरी आहे, असं समजावताना आमची तारांबळ उडाली.

दुसऱ्या रात्री खुर्ची ओढून मायला बसवताना त्यानेच विचारलं, "माय, जेवला का?" उच्चार वाकडातिकडा, पण शब्द बरोबर. नंतर प्रत्येक रात्री आधी तो विचारायचा, मग माय विचारायची.

जेवणाची कोणती वेळ निवडावी?

सहसा दोन पाळ्या असतात. एक साडेपाच-सहाची, दुसरी आठ-साडेआठची. काही कंपन्यांत हव्या त्या वेळी या, अशीही सोय असते. पण मग टेबल आणि वेटर रोज तेच मिळतील असं नाही.

सिंगापूरहून निघत असाल तर डोळे झाकून उशिराची पाळी घ्या. सिंगापूरचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. तिथले साडेपाच म्हणजे आपल्या पोटाचे दुपारचे तीन. रात्री आठला बसलं तरी शरीराला साडेपाचच वाजलेले वाटतात. बुकिंगच्या वेळीच पाळी सांगा. आणि जेवायला वेळेवर पोहोचा. एका टेबलाला उशीर झाला की स्वयंपाकघरातली पुढची सगळी साखळी मागे पडते, आणि बोलणी वेटरला बसतात.

आम्ही शुद्ध शाकाहारी. कांदा-लसूणही नको. उपाशी राहावं लागेल का?

नाही. आशियातल्या बंदरांवरून निघणाऱ्या मोठ्या जहाजांवर भारतीय शाकाहारी जेवण मिळतं. बऱ्याच ठिकाणी जैनही. पण ते आधी कळवावं लागतं, आणि 'कळवलंय' हे एजंटच्या तोंडावर सोडू नका. आमच्या एजंटने छातीठोकपणे सांगितलं होतं की सगळी नोंद केलीय. पहिल्या रात्री कळलं की कंपनीकडे दहापैकी एकाचीही नोंद नाही. नानांनी ब्रेड आणि उकडलेल्या भाज्यांवर भागवलं. मला त्या रात्री झोप लागली नाही. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला आपण एवढ्या लांब आणलं आणि पहिलाच घास असा.

हेड वेटर मात्र तिथल्या तिथे वही घेऊन उभा राहिला. कांदा चालतो का, लसूण चालते का, बटाटा-गाजरासारखं जमिनीखालचं चालतं का, अंडं चालतं का, प्रत्येकाचं वेगळं लिहून घेतलं. दुसऱ्या रात्रीपासून डाळ, भात, पोळी, दोन भाज्या आल्या. तेव्हा तुम्ही नोंदीची लेखी पावती ईमेलवर मागून घ्या, आणि तरीही पहिल्या रात्री बसल्या बसल्या हेड वेटरला बोलावून पुन्हा सांगा. दुसऱ्या दिवशीचं काय हवं ते आदल्या रात्री सांगितलं की त्यांना सोपं जातं.

अंड्याचं नीट लक्षात ठेवा. आपण मटण-मासे नाही म्हटलं की झालं असं समजतो. वर सांगितलेल्या बेक्ड अलास्कामध्ये अंडं आहे. केक, पुडिंग, मूस यांत असतं. जिलेटिन हे प्राण्यांच्या हाडा-कातड्यातून काढतात, ते जेलीसारख्या गोडात असतं. गोड येण्याआधी विचारा. वेटर आत जाऊन विचारून येतात, कंटाळा करत नाहीत.

तिखटाची अपेक्षा मात्र ठेवू नका. तिथलं 'स्पायसी' म्हणजे आपल्या पोरांना दुधासोबत द्यावं एवढंच. हिरवी मिरची मागितली तर बारीक चिरून आणून देतात.

मग शेव, ठेचा, कळण्याची भाकरी सोबत नेली तर?

घरी केलेलं, उघडं अन्न जहाजावर नेऊ देत नाहीत, चढतानाच काढून घेतात. कारखान्यात सीलबंद केलेला कोरडा खाऊ अनेक कंपन्या चालवून घेतात, पण नियम कंपनीगणिक बदलतो, तिकिटासोबतची यादी वाचा. विजेची शेगडी, किटली, इस्त्री तर मुळीच नको. समुद्रात आग लागली तर पळायला जागा नसते.

खरं सांगायचं तर चार दिवस भरताशिवाय राहता येतं. भरीत घरी वाट बघतंच.

उरलेली फळं घेऊन बंदरावर उतरता येतं का?

नको. फळं, भाज्या, शिजवलेलं अन्न घेऊन उतरायला बऱ्याच परदेशी बंदरांवर बंदी असते, दंडही होऊ शकतो. केबिनमध्ये नेऊन खा. आमच्या नानांनी नाश्त्याला केळं उचललं, देठ पाहिला, साल दाबून पाहिली आणि म्हणाले, "ग्रँड नैन जातीचीच दिसते, पण काढली कोवळी." रावेर-यावलच्या माणसाला केळ्यावर मत नसेल असं होणारच नाही.

कपडे काय घालायचे? नऊवारी आणि धोतर चालेल का?

चालेल, आणि शोभून दिसेल. रोज साधे नीटनेटके कपडे पुरतात. हाफपँट, बनियन, पोहण्याचे कपडे घालून मुख्य भोजनगृहात सहसा घेत नाहीत. एखादी रात्र 'फॉर्मल' असते, तेव्हा कोट-टाय किंवा आपापल्या देशाचा पोशाख. माय नऊवारीत, नाना धोतर, सदरा आणि पांढऱ्या टोपीत गेले. दारातच दोन कुटुंबांनी त्यांच्यासोबत फोटो काढायला परवानगी मागितली. एसी कडक असतो, वयस्कर माणसांसाठी शाल ठेवा.

हाताने जेवलं तर कोणी हसेल का?

कोणी हसत नाही. काटे-सुऱ्यांची रांग बघून घाबरू नका. बाहेरून सुरुवात करून आत यायचं, एवढंच त्यांचं गणित. डाळ-भात आला की आम्ही सगळे हातानेच जेवलो. शेवटी कोमट पाणी आणि लिंबू मागा, वाटीत आणून देतात.

टीप किती द्यायची?

बहुतेक परदेशी कंपन्या माणशी दर दिवशी ठरावीक रक्कम सेवाशुल्क म्हणून तुमच्या जहाजावरच्या खात्यात आपोआप लावतात. हे डॉलरमध्ये असतं, आणि दहा जणांचं चार दिवसांचं मिळून आकडा बराच होतो. तिकिटाच्या हिशेबात तो आधीच धरा, म्हणजे शेवटच्या दिवशी वाद नको. पाणी, चहा, साधी कॉफी जेवणासोबत बहुधा मोफत, पण कोल्ड्रिंक, बारमधला ज्यूस, दारू यांचं बिल होतं आणि त्यावरही सेवाशुल्क लागतं. पोरांना हे पहिल्या दिवशी सांगा.

त्याउपर आपल्या वेटरला हातात काही द्यावंसं वाटलं तर पाकिटात घालून शेवटच्या रात्री द्या. आणि प्रवास संपल्यावर कंपनी अभिप्राय मागते, त्यात त्याचं नाव नीट स्पेलिंगसह लिहा. पुढचं कंत्राट, बढती यात त्या अभिप्रायांना वजन असतं. याला पैसेही लागत नाहीत, तरी आपले लोक तो ईमेल न उघडता पुसून टाकतात.

ही माणसं किती तास काम करतात? हसतमुख कशी राहतात?

हा प्रश्न मला फक्त एकीने विचारला, धुळ्याच्या एका शिक्षिकेने. सगळ्यांनी विचारावा असं वाटतं.

जहाजावरच्या कामगारांसाठी २००६ चा एक आंतरराष्ट्रीय करार आहे, सागरी श्रम करार. तो २०१३ मध्ये लागू झाला आणि भारतानेही तो २०१५ मध्ये स्वीकारला. कामाच्या तासांवर मर्यादा घातली तर ती चोवीस तासांत १४ आणि आठवड्यात ७२ तासांपेक्षा जास्त असू नये, आणि विश्रांतीवरून मोजलं तर चोवीस तासांत किमान १० आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती मिळावी, असं त्यात म्हटलंय. म्हणजे कायद्याची मर्यादाच एवढी मोठी आहे. रात्री तुम्हाला वाढणारा माणूस बहुधा सकाळी नाश्त्यालाही उभा असतो. कंत्राट साधारण सहा ते नऊ महिन्यांचं. तेवढे दिवस घर नाही, आणि राहायची खोली पाण्याच्या पातळीजवळ, बहुधा दोघांत एक. आमच्या वेटरची मुलगी तीन वर्षांची होती. तिचा चालतानाचा व्हिडिओ त्याने मायला दाखवला. ती पहिली पावलं त्याने स्वतः फोनवरच पाहिलेली.

काटे उभे करणं, नॅपकिनचा उंदीर करून पोरांच्या अंगावर उडवणं, हे सगळं याच तासांत बसवलेलं असतं. म्हणून सांगते, व्हिडिओ काढण्याआधी विचारा. टेबलावर साडेदहापर्यंत पत्ते कुटत बसू नका, तुम्ही उठल्याशिवाय त्यांना आवरता येत नाही. आणि पानात टाकू नका. प्लेटमध्ये थोडंच येतं, पण कितीही वेळा मागता येतं.

मळमळलं तर? आमच्याकडे नदीपलीकडे कोणी पाणी पाहिलेलं नाही.

मोठ्या जहाजांना दोन्ही बाजूंना पाण्याखाली पंखासारखे स्थिरक असतात, त्यामुळे डोलणं बरंच कमी होतं. खालचे मजले आणि जहाजाचा मधला भाग सगळ्यात कमी हलतो, केबिन तिथली मागा. रिकाम्या पोटी राहू नका, त्याने जास्त होतं. आलं चघळा, डेकवर जाऊन क्षितिजाकडे नजर लावा. गोळी घ्यायची तर त्रास सुरू होण्याआधी, आणि बीपी-शुगरवाल्यांनी निघण्याआधीच आपल्या डॉक्टरांना विचारून.

दारात सारखं हात धुवायला का लावतात?

जहाजावर उलट्या-जुलाबाचा नोरोव्हायरस झपाट्याने पसरतो, आणि सॅनिटायझरचा त्यावर फारसा उपयोग होत नाही. साबण-पाणीच हवं. काही जहाजांवर यासाठीही गाणं म्हणणारा कर्मचारी उभा असतो. त्याला टाळून आत सटकू नका.

वाढदिवस किंवा लग्नाचा वाढदिवस असेल तर?

हेड वेटरला आदल्या दिवशी सांगा. छोटा केक येतो, आसपासचे वेटर जमून गाणं म्हणतात. बिनअंड्याचा हवा असेल तर आणखी आधी सांगा. लाजाळू माणूस असेल तर तेही सांगा, मग ते हळूच शुभेच्छा देऊन जातात.

परदेशात न जाता हा अनुभव घेता येतो का?

येतो. मुंबईहून सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया क्रूझेसचं 'एम्प्रेस' जहाज गोवा, लक्षद्वीपच्या बाजूला फेऱ्या करतं. १९९० साली बांधलेलं हे जहाज आधी परदेशी कंपनीकडे होतं. इथे बहुतेक पाहुणे भारतीय, त्यामुळे शाकाहारी-जैनची चिंता कमी आणि वेटरशी हिंदीत गप्पा. बंदर बॅलार्ड पिअरला, म्हणजे सीएसएमटीपासून टॅक्सीने काही मिनिटांवर. भुसावळ-जळगावहून रात्रीच्या गाडीने निघालात तर सकाळी मुंबईत. पण त्याच सकाळचं जहाज धरू नका, गाडीला उशीर झाला तर जहाज थांबत नाही. एक दिवस आधी जा.

शेवटच्या रात्री काही वेगळं असतं का?

त्या रात्री सगळे स्वयंपाकी आणि वेटर बाहेर येतात, पाहुणे उभे राहून टाळ्या वाजवतात. सामान रात्रीच केबिनबाहेर ठेवायचं असतं, म्हणून जेवण जरा घाईत उरकतं. निरोप घ्यायचा असेल तर गोड येण्याआधीच घ्या, नंतर गडबडीत राहून जातं.

मायने जळगावहून आणलेला सीलबंद केळीच्या वेफर्सचा पुडा चार दिवस फोडला नव्हता. तो तिने त्याच्या हातात दिला आणि पोरीला ने म्हणाली. आतापर्यंत दोनदा त्याचा फोन आलाय. दोन्ही वेळा पहिला प्रश्न तोच, "माय, जेवला का?"